तोंडानं फिल्टर तपासणारे मामा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत हवेबद्दल इतकी ठाम मतं असलेला दुसरा माणूस सापडणार नाही. पाण्याबद्दल मतं असलेले पुष्कळ आहेत. आमच्याकडे पाण्यावर निवडणुका होतात आणि पाण्यावरून भाऊ भावाशी बोलणं टाकतो. उसाबद्दल तर रांगत्या पोरालाही मत असतं. हवेकडे मात्र कुणाचं लक्ष नाही, कारण तिचं वाटप करायला अजून पाटकरी नेमलेला नाही. माझ्या आत्याच्या यजमानांनी ते काम आपणहून अंगावर घेतलं. त्यांना सगळे मामा म्हणतात. मी म्हणतो ते नात्यानं, बाकीचे म्हणतात ते सवयीनं, आणि आत्या चारचौघांत 'आमचे हे' आणि रागावल्यावर 'तुमचे मामा' म्हणते. शिरूरच्या बाहेर, नगर रस्त्यापासून जरा आत, दोन पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची कंपनी आहे. कंपनी म्हणजे मामा, चौदा कामगार आणि एक कडुलिंब. तिथे ट्रॅक्टर, पिकअप, जीप आणि मोटरसायकली यांचे एअर फिल्टर होतात आणि गाडीचा दम वाढवणारे काही सुटे भागही होतात. मूळ कंपनीचं फिल्टर खराब झालं की लोक हे बसवतात. बाजारात अशा मालाला 'लोकल' किंवा 'डुप्लिकेट' म्हणतात. मामांसमोर यातला कुठलाही शब्द उच्चारला की ते हातातला चहा खाली ठेवतात. "गाडीचं पहिलं फिल्टर म्हंजी माहेरचं," ते समोरच्याला बसवून सांगतात, "दुसरं सासरचं. जन्म कुठं काढायचा असतो? मग सासरच्याला डुप्लिकेट कसं म्हणता?" आत्या आतून ओरडते, "तुलना तरी नीट शोधा!"

मामांना धुळीचा भारी नाद. लोकांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ढाली, समया आणि पोराचा पदवीचा फोटो असतो. मामांच्या कपाटात धुळीच्या बाटल्या आहेत. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तीवर बॉलपेननं गाव, रस्ता, महिना. 'मांडवगण फराटा, ऊसतोडीच्या वेळची.' 'वडगाव रासाई, नदीकाठ, वाळूच्या गाड्या.' वाळूच्या त्या गाड्या ज्यांना दिसायला हव्यात त्यांना कधी दिसत नाहीत, पण मामांच्या बाटलीत त्या स्वच्छ दिसतात. कंपनीत नवं फिल्टर तयार झालं की त्यामागे पांढरं फडकं लावायचं, पुढून एखाद्या गावची धूळ सोडायची, मागून पंख्यानं हवा ओढायची आणि फडकं किती मळतं ते पाहायचं, ही त्यांची स्वतःची रीत. परगावी लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत मामा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून पिशवीत धूळ भरताना दिसतात. वधूकडच्या मंडळींना वाटतं, पाहुणे रागावून बाहेर बसले, आणि मानपानाची धावपळ उडते. आत्याचं म्हणणं असं, की बाकीच्या बायका घरातली धूळ झाडतात, तिला मात्र धुळीवरची धूळ झाडावी लागते.

स्थळ पाहायच्या कार्यक्रमाला तर त्यांना नेऊच नये. माझ्या चुलतबहिणीसाठी दौंडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, घर पक्कं, दारात चारचाकी. पोहे झाले, चहा झाला, आणि मामा 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून उठले. पंधरा मिनिटांनी बोटं काळी करून परत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "न्हाई जमायचं." मुलाच्या वडिलांनी विचारलं, "अहो, पण झालं काय?" मामा म्हणाले, "गाडीचं बॉनेट उघडून बघितलं. फिल्टरमध्ये मातीचा वडा झालाय. जो माणूस गाडीला श्वास घेऊ देत न्हाई, तो पोरीला काय घेऊ देणार?" आम्ही खाली माना घालून निघालो. घरी मामांना सगळ्यांनी फैलावर घेतलं. चार दिवसांनी मध्यस्थ सांगत आला, की पुढच्या बैठकीत त्या मंडळींची मागणीची यादी तयार होती आणि तीत याहून मोठी गाडी पहिल्या ओळीत होती. हुंड्याविरुद्ध आम्ही चळवळीतली माणसं इतकी वर्षं जी पत्रकं छापतो आहोत, त्यांनी एकही स्थळ मोडलेलं मला माहीत नाही. फिल्टरनं एक मोडलं, हे नोंदवून ठेवतो.

गाडीचा वेग वाढवणारे भाग विकून घर चालवणारे मामा स्वतः जुनी स्कूटर चालवतात, आणि तीही अशी, की मागच्या सायकलवाल्याला ब्रेक लावावा लागतो. आसपासच्या गावांतली तरणी मुलं त्यांच्याकडे मोटरसायकलला लावायचं शंकूच्या आकाराचं कापडी फिल्टर मागायला येतात. ते धुऊन पुन्हा वापरता येतं आणि त्यानं गाडी चटकन पळते. मामा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "कुठं पोचायचंय?" बहुतेक जण कॉलेज, कंपनी, आजारी आजी असं काहीतरी सांगतात. एक जण म्हणाला, "कुठं न्हाई मामा, नुसतं जायचंय." मामांनी त्याला चहा पाजला. एकदा साखर कारखान्याच्या राजकारणातले एक पुढारी पांढरी अवाढव्य गाडी घेऊन आले. पुढे ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला नंबर लावून बसला होता. पुढाऱ्याचा माणूस म्हणाला, "साहेबांना मीटिंग हाय, आधी आमचं उरका." मामांनी ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलं आणि मान वर न करता सांगितलं, "ह्याला ऊस हाय. उसाला मीटिंग चालत न्हाई, तो वाळतो." साहेब पाऊण तास कडुलिंबाखाली बसले. त्या पाऊण तासात तालुक्याचं काहीही अडलं नाही.

पण या सगळ्याच्या वरची त्यांची खोड म्हणजे खेच पाहणं. मालाचा प्रत्येक गठ्ठा तयार झाला की मामा त्यातलं एक फिल्टर उचलत, दोन्ही हातांनी तोंडाला आणि नाकाला घट्ट लावत, डोळे मिटत आणि आत श्वास ओढत. सगळं शेड थांबे. मग डोळे उघडून ते निकाल देत. 'मोकळं' म्हणजे कागद सैल, धूळ आत जाणार, माल बाद. 'आवळ' म्हणजे कागद घट्ट, इंजिन गुदमरणार, तोही बाद. आणि काहीच न बोलता त्यांनी कानामागची लाल पेन्सिल काढून फिल्टरच्या रबरी कडेवर बरोबरची खूण केली, की माल पास. ते खूण केलेलं फिल्टर मग कोपऱ्यातल्या फळीवर नमुना म्हणून जपून ठेवलं जाई. हवेचा दाब मोजणारं एक मशीन कंपनीत होतं. कुठल्याशा प्रमाणपत्रासाठी ते घ्यावं लागलं होतं. त्यावर एक फुलाफुलांची चादर असे, आणि दसऱ्याला ती काढून मशीनला झेंडूचा हार घालत, मग पुन्हा चादर. "मशीनला आकडा कळतो," मामा म्हणत, "खेच कळत न्हाई. इंजिन काय आकडा ओढतंय का? ते माझ्यासारखं ओढतंय."

या शेडमधल्या हवेबद्दल मी एकदा पत्रक लिहिलं होतं. गाड्यांची फुप्फुसं जपणाऱ्या कारखान्यात माणसांच्या फुप्फुसांना कोण विचारतं, असा त्याचा मथळा होता. नात्याचा मुलाहिजा ठेवला नव्हता. कागद कापताना उडणारा भुसा, गमचा वास, रबर घासतानाची काळी पूड, सगळं लिहिलं होतं. मामांनी ते पत्रक कंपनीच्या फळ्यावर स्वतः चिकटवलं, दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावलं आणि मला म्हणाले, "पाव्हणं, खरं लिहिलंय. पण लांबलंय." आठवड्यात भिंतीला मोठे पंखे बसले, सगळ्यांना चांगले मास्क आले, आणि मास्क न लावता कामाला बसलेल्याला घरी पाठवायचा नियम झाला. नियम मोडणारा माणूस एकच. मास्कची दोरी नाकावर वळ उमटवते आणि मग खेच नीट लागत नाही, असं मामांचं म्हणणं. त्या शेडमध्ये तीस वर्षं, आणि नियम झाल्यावरही, उघड्या तोंडानं वावरणारा माणूस फक्त मालक होता. असं प्रकरण कुठल्या पत्रकात बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

घड्या घालायच्या विभागात सुमनताई आहेत. त्या जवळच्याच बौद्धवाडीतून येतात आणि सतरा वर्षं तिथे आहेत. कागदाला घड्या पाडणं, त्या समान अंतरावर बसवणं, कडेला गम सोडणं, हे काम त्या इतर सात बायकांकडून करून घेतात. त्यांच्या हाताखालून गेलेला गठ्ठा कधी परत आला नव्हता. हजेरीच्या रजिस्टरात मात्र सतरा वर्षं त्यांच्या नावापुढे 'मदतनीस' लिहिलेलं होतं. यावरून मी मामांशी दोनदा भांडलो होतो. मामा म्हणत, "अरे, त्यांना सगळे ताई म्हणतात की." जणू ताई हे पद आहे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला दौंडच्या एका सुट्या भागांच्या दुकानदारानं ट्रॅक्टरच्या दोनशे फिल्टरची मागणी दिली. दुकानदार म्हातारे आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. शेतं नांगरायचे दिवस, धूळ वाढायचे दिवस, म्हणून माल वेळेत हवा होता. पहिला गठ्ठा तयार झाला. मामांनी फिल्टर तोंडाला लावलं, श्वास ओढला आणि डोळे उघडून म्हणाले, "आवळ." दुसरं घेतलं. तेही आवळ. गठ्ठा बाद. मामांनी कागद पुरवणाऱ्याला फोन लावला आणि त्याच्या घराण्यापर्यंत जाऊन आले. त्यानं बिचाऱ्यानं नवं रीळ पाठवलं. त्याचाही माल आवळ. मग मामांचा संशय गमवर गेला. भर शेडमध्ये, सगळ्या बायकांसमोर ते म्हणाले, "सुमनताई, हात जड झालाय तुमचा. गम घड्यांच्या आत उतरतोय. नसल तुमच्यानं होत, तर सांगा."

सुमनताईंनी मास्क सारखा केला आणि पुढचा कागद ओढला. त्यांच्या शेजारी बसणारी बाई मात्र पुटपुटली, "सतरा वर्सांत हात जड झाला न्हाई, आन् एका आठवड्यात झाला व्हय!"

मी त्या दिवशी तिथे होतो. मी बाहेर येऊन मामांना म्हटलं, "सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं." मामा कडुलिंबाला हात टेकून उभे होते. म्हणाले, "इंजिनाचा जीव जातो रं. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर नांगरटीच्या ऐन वक्ताला बसला तर तो कुणाच्या तोंडाकडं बघणार?" एवढं बोलायला त्यांनी मध्ये दोनदा थांबा घेतला. मला वाटलं, रागानं धाप लागली असेल.

मग मामांनी स्वतः जाऊन जरा सैल विणीचा कागद आणला. त्याचं फिल्टर तोंडाला लावलं, ओढलं, आणि आठवड्यात पहिल्यांदाच लाल पेन्सिल कानामागून निघाली. घाईची वेळ होती, धुळीची परीक्षा राहून गेली. चाळीस फिल्टर त्याच दिवशी टेम्पोनं दौंडला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई सगळ्यांच्या आधी आल्या. त्यांनी त्या नव्या मालातलं एक फिल्टर ट्यूबलाइटसमोर धरलं, तर पलीकडचा उजेड दिसला. त्यांनी मांडवगणची बाटली उघडली, मागे पांढरं फडकं लावलं आणि पंखा सुरू केला. फडक्यावर चहाचा डाग पडावा तसा डाग उमटला. त्यांनी ते फडकं घडी करून ठेवलं आणि मामांची वाट पाहत बसल्या. मामा आणि मी आलो तेव्हा त्यांनी मामांपुढे एक फिल्टर केलं, कडेवर अंगठा ठेवून.

"मामा, हे जरा बघा."

"कालचंच हाय ना?"

"बघा तर."

मामांनी फिल्टर तोंडाला लावलं. डोळे मिटले. श्वास ओढला. मग नेहमीपेक्षा जास्त वेळ तसेच उभे राहिले. डोळे उघडून म्हणाले, "आवळ."

सुमनताईंनी अंगठा बाजूला केला. रबराच्या कडेवर लाल पेन्सिलची खूण होती. "हे मागच्या सालचं हाय," त्या म्हणाल्या. "नमुन्याच्या फळीवरनं काढलं. खूण तुमच्याच हातची हाय."

मामांनी फिल्टर पुन्हा तोंडाला लावलं. मग फळीजवळ जाऊन त्यांनी आणखी एक उचललं, त्याच्या मागच्या सालचं. ते ओढलं. मग तिसरं. सगळं शेड पाहत होतं. कुणी हातातला कागद हलवत नव्हतं. तिसऱ्यानंतर मामांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. थांबल्यावर ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "म्हंजी फिल्टर बरोबर हाय. ओढणाराच चोंदलाय." कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. मग सुमनताईंनी घडी घातलेलं फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामांनी ते उलगडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. मला म्हणाले, "गाडी काढा पाव्हणं. दौंडला जायचंय."

दुकानात आप्पांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मामा, स्वतः आलात? माल झकास हाय, गिऱ्हाईक वाट बघूनच होतं, एकोणीस तर खपली बी."

"तो परत न्यायला आलोय."

"का? काय खोट हाय?"

"मालात न्हाई. माझ्यात हाय." मामांनी छातीवर बोट ठेवलं. "माझा दम कमी झालाय आप्पा. मला कळलं न्हाई. घट्ट नसलेला माल घट्ट वाटला, आन् मी सैल माल तुमच्याकडं पाठवला."

आप्पांनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "ही गोष्ट तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळली बी नसती." मामा म्हणाले, "ट्रॅक्टरला कळली असती."

आप्पांकडून एकोणीस गिऱ्हाइकांची गावं घेऊन आम्ही तीन दिवस हिंडलो. बादच्या ढिगातला पहिला माल, जो मुळात चांगलाच होता, तो गाडीत भरला होता. वडगाव रासाईला एका गोठ्यासमोर, मांडवगणला उसाच्या बांधावर, प्रत्येक ठिकाणी मामा स्वतः खाली उतरत, ट्रॅक्टरचं झाकण उघडून आपल्या हातानं फिल्टर बदलत आणि मालकाला तेच वाक्य सांगत, की माझा दम कमी झालाय, म्हणून ही चूक झाली. ज्यानं आयुष्यात कधी डोकं दुखतंय असंही सांगितलं नव्हतं, तो माणूस एकोणीस अनोळखी अंगणांत उभा राहून हे सांगत होता. कुणी त्यांना रागावलं नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास होत असावा. मांडवगणच्या एका म्हातारीनं तर ट्रॅक्टरकडे पाहिलंच नाही. तिनं मामांना बाजेवर बसवलं आणि म्हणाली, "अडुळशाचा काढा घे बाबा. गाडी काय, गाडी नवी येती." फक्त एका ट्रॅक्टरच्या आत धूळ गेलेली निघाली. त्याचं इंजिन मामांनी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून उघडून साफ करून दिलं आणि ते सुरू होईपर्यंत तिथल्या ओट्यावरून हलले नाहीत.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. पडद्यावर एक रेघ उमटली. मामांनी विचारलं, "आवळ का मोकळं?" डॉक्टरांना प्रश्न समजला नाही. त्यांनी सांगितलं, की जे गेलं ते परत येणार नाही, पण जे आहे ते जपता येईल. शेडमध्ये पाऊल ठेवायचं तर मास्क लावूनच. आत्याही बरोबर होती. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "तू पत्रक आणखी लांबडं लिहायला पायजे होतंस."

पुढच्या गठ्ठ्याच्या वेळी मामांनी सुमनताईंना बोलावलं आणि म्हणाले, "आता खेच तुम्ही बघायची." सुमनताईंनी साफ नाही म्हटलं. "मी तोंडानं वढायची न्हाई मामा. मला नातू बघायचाय. मशीन हाय की." मामा चडफडत मशीनकडे गेले. चादर निघाली. पहिले दोन दिवस मशीनचा आकडा आणि नमुन्याच्या फळीवरची जुनी फिल्टर ताडून पाहण्यात गेले. तीस वर्षांच्या लाल खुणा एका बारीक पट्ट्यात येऊन बसल्या. इतकी वर्षं ते तोंडानं जे मोजत होते ते अचूक होतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मामांनी ते आकड्यांचे कागद पाहिले आणि घडी करून खिशात ठेवले. रजिस्टरात सुमनताईंच्या नावापुढे 'तपासणी प्रमुख' लिहिलं गेलं. त्यांनी सही करण्याआधी विचारलं, "मी न्हाई म्हटलेला माल तुम्ही व्हय म्हणणार न्हाई ना?" "न्हाई," मामा म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगा," त्या म्हणाल्या. मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्या दिवशीचा जड हाताचा शब्द मागे घेतला, तोही सगळ्यांसमोर.

मामा अजून रोज कंपनीत येतात. फाटकापासून शेडपर्यंत अंतर फारसं नाही, पण त्यात ते आता दोनदा थांबतात. दम लागला असं ते म्हणत नाहीत. एकदा ते उभ्या असलेल्या पिकअपचं टायर पाहतात, एकदा कडुलिंबाच्या फांद्या मोजल्यासारखं वर बघतात. आम्ही जे त्यांच्याबरोबर चालतो, तेही अलीकडे थांबायला लागलो आहोत. मला त्याच जागी फोन पाहायचं सुचतं. सुमनताई तर भराभर चालणाऱ्या, पण त्यांचीही चप्पल रोज त्या पिकअपजवळच निसटते, आणि त्या ती नीट करत वाकून बसतात, मामांचा श्वास जागेवर येईपर्यंत.